बिलावरचा आकडा आणि समान घरांचे अक्षर

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानाची पाटी कशी असावी यावर आपण रंगाऱ्याशी तासभर बोलतो. अक्षर जाड हवे की बारीक, हिरवे हवे की लाल, सगळे ठरवतो. पण बिलावरचे अक्षर कोणते असावे, हे मात्र छापखान्यावर किंवा संगणकवाल्या मुलावर सोपवून आपण मोकळे होतो. वास्तविक पाटी वाचून गिऱ्हाईक दुकानात येते, आणि बिल वाचून पैसे खात्यात येतात. म्हणून बिलावरच्या अक्षराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

याचा अनुभव आम्हाला जवळून आला. गांधीबागेतील आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याने नवी बिलबुके छापायला दिली. छपाईपूर्वीचा नमुना तपासण्यासाठी त्यांनी आम्हाला बोलावले. बँकेचा तपशील खाली एका नक्षीदार, तिरप्या अक्षरात होता. दिसायला सुरेख. आम्ही प्रत्येक आकडा पासबुकाशी ताडून पाहिला, सगळे बरोबर निघाले आणि आम्ही ‘ठीक’ असे लिहून दिले. दोन हजार बिले छापून आली.

महिनाभराने चंद्रपूरच्या एका गिऱ्हाइकाला त्याच बिलावरून रक्कम पाठवायची होती. आयएफएससी क्रमांकातले शून्य त्यांनी इंग्रजी ओ असे वाचले. बँकेच्या संगणकाने तो क्रमांक स्वीकारलाच नाही. फोनवरून ते दुरुस्त झाले. पण खाते क्रमांकातला तीन त्यांनी आठ वाचला, आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. तसे खाते नव्हते म्हणून रक्कम परत गेली. या सगळ्यात आठ दिवस मोडले, आणि ते आठ दिवस आमच्या स्नेह्यांना सुरतेच्या आडत्याकडे तोंड लपवावे लागले.

चूक छापखान्याची नव्हती. छापलेला एकही आकडा चुकीचा नव्हता. आकडे बरोबर होते, पण त्यांची वळणे एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नव्हती. नमुना तपासताना आम्ही आकडा पाहिला, अक्षर पाहिले नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

समान घरांचे अक्षर म्हणजे काय?

छापील अक्षरांच्या एका वळणाच्या पूर्ण संचाला आज सर्वजण ‘फॉन्ट’ म्हणतात. बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या गरजेपुरती जागा घेते. इंग्रजी एम आणि डब्ल्यू रुंद असतात, आय आणि एल अरुंद असतात. पुस्तक वाचायला हीच रीत चांगली.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचे घर मिळते. अक्षर एम असो, आय असो, आकडा असो, पूर्णविराम असो की मोकळी जागा असो, घर एकच आणि एकाच मापाचे. याला इंग्रजीवरून ‘मोनोस्पेस्ड’ फॉन्ट म्हणतात. आपण याला समान घरांचे अक्षर म्हणू.

मोमिनपुऱ्यातील किंवा कामठीतील विणकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, तेव्हा एक चौकट म्हणजे एक धागा असा हिशेब असतो. फूल मोठे असो की लहान, चौकटीचे माप बदलत नाही. म्हणूनच कागदावरची नक्षी मागावर जशीच्या तशी उतरते. समान घरांचे अक्षर हेच करते. प्रत्येक ओळीतले दहावे अक्षर वरच्या ओळीतल्या दहाव्या अक्षराच्या बरोबर खाली येते. त्यामुळे एकक एककाखाली, दशक दशकाखाली, आणि बेरीज तोंडी करणाऱ्याची नजर सरळ खाली उतरते.

आता दुसरा शब्द. अनेक इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या पट्ट्या असतात, जणू अक्षराने पायात जोडे घातले आहेत. या पट्टीला ‘सेरिफ’ म्हणतात. ज्याला अशा पट्ट्या नसतात ते ‘सॅन्स सेरिफ’, म्हणजे बिनपट्टीचे, साध्या दांड्याचे अक्षर. आजच्या आपल्या धड्याचा विषय या दोन्ही गुणांचे अक्षर हा आहे: समान घरांचे आणि बिनपट्टीचे.

टंकलेखन यंत्रापासून सुरुवात

समान घरांची रीत हौसेतून आलेली नाही, ती यंत्राच्या गरजेतून आली. टंकलेखन यंत्रावर कोणतेही अक्षर दाबले की कागद धरणारा रूळ एक पाऊल सरकतो. साध्या यंत्राला मोठे पाऊल आणि लहान पाऊल असा भेद करता येत नाही. म्हणून सगळी अक्षरे एकाच मापाच्या घरात बसवावी लागली. इंचाला दहा अक्षरे बसतील त्या मापाला पायका म्हणत, बारा बसतील त्याला एलीट.

आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५५ साली टंकलेखन यंत्र बनवले आणि २००९ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबले. या अर्धशतकात कोर्टकचेऱ्यांसमोर बसणाऱ्या टंकलेखकांनी किती भाडेपट्टे, किती मुखत्यारपत्रे आणि किती भागीदारीचे करार बडवले असतील, त्याची गणती नाही. सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाशी ज्यांचा कधी संबंध आला, त्यांच्या घरी अशा अक्षरातला एखादा पिवळा पडलेला कागद आजही सापडेल.

इंग्रजीसाठी ही युक्ती बरी चालली, पण त्यातही अक्षर घडवणाऱ्याची कसोटी होती. एम हा तीन दांड्यांचा. त्याला आवळून घरात बसवावे लागते, तेव्हा त्याचे दांडे बारीक केले नाहीत तर तिथे काळा डाग दिसतो. आय हा एका दांड्याचा. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते आणि शब्दात भोक पडल्यासारखे वाटते. म्हणून आय, एल आणि एक या बारीक अक्षरांना खालीवर आडव्या पट्ट्या देऊन त्यांचे घर भरून काढतात. बिनपट्टीच्या फॉन्टमध्येही एवढ्या दोन-तीन अक्षरांना पट्टी देण्याची सूट घेतली जाते. ही सूट पुढे फार कामाची ठरली. जागा भरण्यासाठी दिलेल्या या पट्ट्यांमुळेच लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा एकमेकांपासून वेगळे ओळखू येऊ लागले.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात ‘कुरिअर’ हे अक्षर तयार केले. ते पट्ट्यांचे आहे आणि आजही संगणकावर मिळते. त्याच कंपनीसाठी रॉजर रॉबर्सन यांनी ‘लेटर गॉथिक’ हे अक्षर घडवले, ते बिनपट्टीचे. तक्ते आणि याद्या यांच्यासाठी हे दुसरे अक्षर फार वापरले गेले, कारण तेवढ्याच जागेत ते मोकळे आणि स्वच्छ दिसते.

देवनागरीची अडचण

मराठी अक्षराला समान घरे मानवत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपला र अरुंद, तर क्ष आणि ज्ञ रुंद. शिवाय वेलांटी वर, उकार खाली, अनुस्वार डोक्यावर, आणि शिरोरेषा अखंड हवी. मराठी टंकलेखन यंत्रात यावर तोडगा काढला तो असा. उकार, मात्रा, अनुस्वार यांसारख्या खुणांसाठी अशा कळा ठेवल्या की त्या दाबल्या तरी रूळ सरकत नाही. त्यामुळे खूण अक्षराच्या वर किंवा खाली त्याच घरात उमटते. आणि ख, घ, ध, भ, श, क्ष यांसारख्या अक्षरांचे अर्धे रूप एका कळेवर ठेवून पुढे काना जोडला की पूर्ण अक्षर तयार होई. म्हणजे एक अक्षर दोन घरांत बसे.

ज्यांनी टंकलेखन संस्थेत मराठीची परीक्षा दिली आहे, त्यांच्या बोटांना हे अजून आठवत असेल. काम भागले, पण त्या मराठीचे रूप कधी देखणे झाले नाही. पुढे संगणक आला आणि देवनागरीची या घरांतून सुटका झाली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी गेला. त्यात प्रत्येक अक्षर आपल्या गरजेएवढी जागा घेते.

उर्दूचे तर विचारायलाच नको. नस्तालीक लिपीत शब्द तिरपा उतरत जातो, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी ‘नूरी नस्तालीक’ तयार केले, तेव्हा सुमारे वीस हजार जोडरूपे आखावी लागली. त्या लिपीला समान घरात कोंबणे म्हणजे तिचा जीव घेणे होय.

तेव्हा पहिला नियम हा की, समान घरांचे अक्षर मराठी किंवा उर्दू मजकुरासाठी नाही. ते आकड्यांसाठी आणि इंग्रजी अक्षरांतल्या सांकेतिक क्रमांकांसाठी आहे. आणि आज व्यापाऱ्याचा पैसा याच दोन गोष्टींवर चालतो.

बिनपट्टीच का?

टंकलेखन यंत्रानंतर ठिपक्यांनी छापणारी यंत्रे आली, ज्यांना आपण डॉट मॅट्रिक्स म्हणतो. आठ इंचांच्या ओळीत इंचाला दहा या हिशेबाने ऐंशी अक्षरे बसत. वाहतूक कंपन्यांच्या बिल्ट्या आणि कार्बन लावलेली बिले यांवर हेच अक्षर आपण पाहत आलो. तिथे एक अक्षर मोजक्या ठिपक्यांत बसवायचे असते. इतक्या थोड्या ठिपक्यांत बारीक पट्ट्या काढायला गेले की अक्षर भरून जाते, आणि आठ व तीन सारखेच दिसू लागतात. म्हणून साधा दांडा, मोकळे पोट आणि उघडी तोंडे असलेले बिनपट्टीचे अक्षर तिथे टिकले. बारीक आकारात, फिकट शाईत आणि कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर तेच वाचता येते.

यंत्रानेही वाचावे आणि माणसानेही वाचावे, असे अक्षर ॲड्रियन फ्रूटिगर या स्विस कलावंतांनी १९६८ साली तयार केले. त्याचे नाव ‘ओसीआर-बी’. हे आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. हज-उमऱ्याला किंवा आखाती देशात कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने आपला पासपोर्ट उघडून पाहावा. फोटोच्या पानावर सर्वांत खाली दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत मोजून ४४ घरे. नाव संपले तरी घरे संपत नाहीत. उरलेली घरे कोनाच्या चिन्हाने भरलेली असतात. विमानतळावरचे यंत्र याच दोन ओळी वाचते. बाजारातल्या मालावर बारकोडखाली जे आकडे असतात, तेही बहुधा याच वळणाचे असतात.

चेकच्या तळाशी असलेली चुंबकीय शाईची पट्टी हाही याच कुळातला प्रकार. त्या अक्षराला ‘ई-१३बी’ म्हणतात. ते इंचाला आठ या ठरलेल्या अंतराने छापतात. त्यातल्या नऊ आकडी क्रमांकाचे पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. नागपूरच्या चेकवर तो क्रमांक ४४० ने सुरू होतो. त्या पट्टीवर सही किंवा शिक्का येऊ देऊ नये असे बँका सांगतात, त्याचे कारण हेच.

बत्तीस घरांचा हिशेब

आता रोजच्या कामाकडे येऊ. किराणा, औषध, बेकरी, चप्पल अशा अनेक दुकानांत आज उष्णतेने छापणारे लहान यंत्र असते. त्याचा कागद दोन मापांत येतो: ५८ मिलिमीटर आणि ८० मिलिमीटर. यंत्र एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके काढते. ५८ च्या कागदावर प्रत्यक्ष छपाई ४८ मिलिमीटर होते, म्हणजे ३८४ ठिपके. यंत्राचे नेहमीचे अक्षर १२ ठिपके रुंद असते. ३८४ ला १२ ने भागा, ३२ येतात. म्हणजे एका ओळीत बत्तीस घरे. ८० च्या कागदावर ७२ मिलिमीटर छपाई होते, ५७६ ठिपके, म्हणून अठ्ठेचाळीस घरे.

ही बत्तीस घरे म्हणजे आपले शेत आहे असे समजा आणि बांध आपणच घाला. मालाच्या नावाला १४ घरे, नगाला ४, दराला ६ आणि रकमेला ८, बेरीज ३२. रकमेच्या आठ घरांत एक घर मोकळे सोडले तर पैशांसह ९९९९.०० पर्यंतचा आकडा बसतो. बेकरीला एवढे पुष्कळ झाले. पण गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याचे काम त्यात भागणार नाही. सव्वा लाखाचा आकडा स्वल्पविराम व पैशांसह लिहिला तर अकरा घरे लागतात. तो आठ घरांत शिरत नाही आणि उरलेला भाग खालच्या ओळीत पडतो. अशा व्यापाऱ्याने रुंद कागद घ्यावा आणि मालाला २०, नगाला ६, दराला ९ व रकमेला १३ घरे द्यावीत, बेरीज ४८.

जागा पुरत नाही म्हणून काही जण यंत्रातले दुसरे, ९ ठिपक्यांचे बारीक अक्षर निवडतात. त्यात ओळीला ४२ घरे मिळतात हे खरे, पण आकडा इतका आवळला जातो की चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. बारीक अक्षर पत्त्यासाठी वापरा. रकमेसाठी वापरू नका.

बिल मराठीत द्यायची इच्छा चांगली आहे आणि द्यावेच. मात्र पुष्कळ स्वस्त यंत्रांच्या पोटात देवनागरी अक्षर नसते. मराठी मजकूर त्यांच्याकडे चित्र म्हणून पाठवला जातो. तिथे मोकळ्या जागा टाकून रकाने जुळवायचा प्रयत्न फसतो, कारण मराठी शब्दाची लांबी घरांत मोजता येत नाही. म्हणून मालाचे नाव एका ओळीत मराठीत घ्यावे आणि नग, दर, रक्कम खालच्या ओळीत यंत्राच्या आकड्यांत घ्यावी. दोन्ही गोष्टी साधतात.

एक सूचना जाता जाता. या कागदावरची छपाई काही काळाने उडते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तेव्हा मिळालेल्या खरेदीच्या पावत्यांची छायाप्रत किंवा फोटो काढून ठेवावा.

कोणत्या घरात काय बसते?

क्रमांक वाचताना चूक होऊ नये याचा एक उपाय अक्षरात आहे आणि दुसरा आपल्या माहितीत. कोणत्या घरात अक्षर असते व कोणत्या घरात आकडा, हे माहीत असले की अर्धे संशय तिथेच मिटतात.

आयएफएससी क्रमांक अकरा घरांचा असतो. पहिली चार घरे बँकेच्या अक्षरांची. पाचव्या घरात नेहमी शून्य असते, ओ कधीच नसतो. पुढची सहा घरे शाखेची. आमच्या चंद्रपूरच्या गिऱ्हाइकाला एवढे माहीत असते तर पहिला फोन वाचला असता.

जीएसटी क्रमांक पंधरा घरांचा. पहिली दोन घरे राज्याची. महाराष्ट्राचा आकडा २७. पुढची दहा घरे पॅनची, आणि पॅनमध्ये पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर असा क्रम असतो. चौदाव्या घरात सर्वसाधारणपणे झेड असतो, तो घाईच्या हस्ताक्षरात दोनसारखा दिसतो. खरा धोका तेराव्या आणि पंधराव्या घरात, कारण तिथे अक्षरही येऊ शकते आणि आकडाही. तेवढी दोन घरे मूळ प्रमाणपत्राशी ताडून पाहावीत.

खाते क्रमांकाला मात्र असा काही आधार नाही. तो सगळा आकड्यांचा. आणि इथेच सर्वांत जास्त सावध राहायला हवे, कारण बँका एनईएफटीची रक्कम खाते क्रमांक पाहून जमा करतात, नाव ताडून नव्हे. पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसावे, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी असे रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना कळवले. ती सोय जरूर वापरावी. तरीही आपल्या बिलावरचा क्रमांक स्वच्छ असणे, ही आपलीच जबाबदारी आहे.

आपल्या बाजारात आणखी एक घोळ आहे. एकाच दुकानात तीन प्रकारचे आकडे चालतात: इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू. देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. उर्दूत पाचाचा आकडा गोलसर, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. न जाणणारा पाचाला शून्य वाचतो. मराठी बिल देवनागरी आकड्यांत असायला हरकत नाही, घरची वही उर्दू आकड्यांत असायला हरकत नाही. पण एकाच कागदावर दोन प्रकारचे आकडे मिसळू नयेत. खाते, आयएफएससी, जीएसटी व फोन हे क्रमांक नेहमी इंग्रजी आकड्यांत द्यावेत, कारण समोरचा माणूस ते यंत्रात तसेच घालणार आहे.

कारागिरांसाठी

हा विषय केवळ दुकानदारांचा नाही. लोखंडावर नंबर ठोकणारे कारागीर पंचाचा संच वापरतात. त्यातला प्रत्येक पंच एकाच जाडीचा असतो, म्हणून ठोकलेले आकडे सारख्या अंतरावर येतात. तेही समान घरांचेच अक्षर. रबरी शिक्के बनवणाऱ्यांनी तारीख व क्रमांकाच्या शिक्क्यासाठी हेच वळण वापरावे. रबर झिजले तरी मोकळ्या पोटाचा आठ लवकर भरत नाही. मिठाई, मसाले, लोणची बंद पाकिटात विकणाऱ्यांसाठी २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम आहेत. अक्षराची रुंदी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा कमी नसावी, असे ते सांगतात. त्यातून फक्त एक हा आकडा आणि आय, एल ही बारीक अक्षरे वगळली आहेत. म्हणजे आकडा फार आवळू नये, ही केवळ आमची आवड नाही, तो कायदा आहे.

छापखानेवाल्या बंधूंनी चोरीचा फॉन्ट वापरण्याची गरजच नाही. ‘सोर्स कोड प्रो’, ‘जेटब्रेन्स मोनो’, ‘डेजाव्हू सॅन्स मोनो’ हे तिन्ही समान घरांचे, बिनपट्टीचे फॉन्ट मोफत मिळतात आणि धंद्यात वापरायला परवानगी आहे. विंडोजच्या संगणकावर लुकास दे ग्रोट यांनी घडवलेला ‘कन्सोलास’ आधीच असतो. आपल्या घरातली संगणक शिकणारी मुले ज्या अक्षरात प्रोग्राम लिहितात, ते हेच. कारण तिथेही एक चिन्ह चुकले की काम अडते. या फॉन्टमध्ये शून्याच्या पोटात ठिपका किंवा रेघ असते, म्हणून ते ओपासून वेगळे ओळखू येते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१) दुकानाचे नाव, जाहिरात, लग्नपत्रिका यांना हवे ते सुंदर अक्षर द्या. रक्कम आणि क्रमांक मात्र समान घरांच्या, बिनपट्टीच्या अक्षरात द्या.

२) फॉन्ट निवडण्यापूर्वी पाच जोड्या छापून पाहा: शून्य व ओ, एक व आय, तीन व आठ, पाच व एस, दोन व झेड. एक जरी जोडी सारखी दिसली तर तो फॉन्ट क्रमांकासाठी नको.

३) लांब खाते क्रमांक चार-चार आकड्यांचे गट करून छापा. जीएसटी क्रमांक मात्र सलग ठेवा.

४) बिलाचा अनुक्रमांक नियमाप्रमाणे १६ घरांपेक्षा मोठा असू नये आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. त्यात अक्षर, आकडा, आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालते. आपल्या मालिकेत ओ आणि आय ही अक्षरे घेऊच नका.

५) नमुना तपासताना मूळ कागदाशी स्वतः ताडून थांबू नका. ज्याला क्रमांक माहीत नाही अशा माणसाला तो मोठ्याने वाचायला सांगा. आपल्याला उत्तर ठाऊक असते, म्हणून आपला डोळा चूक झाकतो. आमचे नेमके हेच झाले होते.

उधारीचा आणि देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्या घरात नवीन नाही. लिहिलेले दुसऱ्याला बिनचूक वाचता यावे, हा त्याच शिकवणीचा भाग समजावा. आमच्या स्नेह्यांनी उरलेली बिले फेकली नाहीत. त्यांनी साध्या अक्षरातला एक शिक्का करून घेतला आणि नक्षीदार तपशिलावर रेघ मारून प्रत्येक बिलावर तो मारला. बिले दिसायला थोडी उणी झाली, परंतु त्यानंतर एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नाही.

आज दुकान बंद करण्यापूर्वी आपले एक बिल हातात घ्या, शेजारच्या दुकानातल्या पोराला द्या आणि खाते क्रमांक वाचायला सांगा. तो अडखळला, तर पुढची बिलबुके छापायला देण्यापूर्वी अक्षर बदला.